माध्यमे आणि सामाजिक विषमता : गोव्यात या विषयाचा प्राध्यापक नेमायचा तर

जागा मंजूर होते. 'या वेळी माध्यमे आणि सामाजिक विषमता यावर काम करणारा माणूस घेऊया' असे विभागाच्या बैठकीत ठरते, सगळे माना डोलावतात, आणि महिनाभराने मागच्या वेळचीच जाहिरात तारखा बदलून छापून येते. मग अर्जही मागच्यासारखेच येतात. मुलाखतीच्या दिवशी समितीच्या लक्षात येते की समोर बसलेल्यांपैकी गोव्यातले एखादे दैनिक महिनाभर सलग कोणी वाचलेलेच नाही. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. तसे कोणी मागितलेच नव्हते.

हे टिपण विभागप्रमुख, प्राचार्य, संस्थाचालक आणि अभ्यास मंडळांवरच्या मंडळींसाठी आहे. अर्ज करणाऱ्यांनी ते उलट बाजूने वाचले तरी चालेल. माझे मत आधीच सांगून टाकते: अशी नेमणूक साधते किंवा फसते ती दोन ठिकाणी. एक, जाहिरातीतल्या विषयाच्या ओळीत. दुसरे, उमेदवाराच्या हाती वाचायला दिलेल्या कागदात. बाकीचे नियम पाळायचे असतात, आणि ते पाळलेच पाहिजेत, पण नियम पाळले म्हणून योग्य माणूस मिळतोच असे नाही.

आधी दीड पान लिहून काढा

जाहिरातीच्या मसुद्याला हात लावण्यापूर्वी विभागाने एक साधा कागद तयार करावा: हा माणूस आल्यावर पहिल्या तीन वर्षांत गोव्यात नेमके काय शोधेल? हा कागद कुठेही छापायचा नाही. पण तो नसेल तर 'माध्यमे' म्हणजे एकाच्या मनात चित्रपट, दुसऱ्याच्या मनात इन्स्टाग्राम आणि तिसऱ्याच्या मनात जनसंपर्क असे होते.

विषय शोधायला लांब जायला नको. मुक्तीनंतरची गोव्यातली मोठी वृत्तपत्रे खाण व्यवसायातल्या घराण्यांनी काढली. चौगुल्यांनी १९६२ मध्ये 'गोमन्तक' सुरू केला, धेंपे घराण्याने १९६३ मध्ये 'नवहिंद टाइम्स' आणि १९७० मध्ये 'नवप्रभा'. खाणपट्ट्यातला शेतकरी, ट्रकमालक, बार्जवरचा कामगार यांच्या बातम्या या पानांवर कशा आल्या, हा प्रश्न कुणावर चिखलफेक न करता, आकड्यांनिशी विचारता येतो. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हाची वर्षे तर तयार प्रयोगशाळाच आहेत.

दुसरा धागा जमातींचा. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये. मे २०११ मध्ये बाळ्ळीला याच समाजांच्या मागण्यांसाठी आंदोलन झाले, त्यात दोन तरुण जीवानिशी गेले. त्या आठवड्यातली मराठी, कोंकणी आणि इंग्रजी दैनिके शेजारी शेजारी ठेवली तर त्या एका आठवड्यावर एक प्रबंध उभा राहील. धनगरांची जमातीच्या दर्जाची मागणी आजही पडून आहे. ती किती पानांवर येते आणि कोणत्या मोसमात येते, हेही कुणी तरी मोजले पाहिजे.

तिसरा धागा मजुरांचा: झुआरीनगरात, बायण्यात, किनाऱ्यावरच्या हॉटेलांत आणि बांधकामांवर राबणारे, बहुतेक कर्नाटक, झारखंड, बिहारकडचे. चौथा जुना: गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने, मडगावचा 'राष्ट्रमत' विरोधात, आणि निकाल ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरणाविरुद्ध. बहुजन समाज, भाटकार (जमीनदार), मुंडकार (त्यांच्या जमिनीत घर करून राहणारे), ख्रिस्ती मतदार या सगळ्यांना कोणते वृत्तपत्र काय सांगत होते, यावर घराघरांत मते आहेत. पानांची पद्धतशीर छाननी मात्र फार थोडी. आणि पाचवा, अगदी अलीकडचा: २०२० च्या टाळेबंदीत सांगे-सत्तरीकडची मुले रेंज मिळावी म्हणून डोंगर चढत होती.

यातले दोनच धागे निवडा. सगळे निवडले तर जाहिरात पुन्हा गुळमुळीत होईल.

जागा कोणत्या प्रकारची आहे?

हे आधी तपासायचे कारण साधे आहे. तीन वर्षांचे क्षेत्रकाम 'लेक्चर बेसिस'वरच्या, म्हणजे तासावर पैसे मिळणाऱ्या माणसाकडून होत नाही. अशा अतिथी प्राध्यापकासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने (युजीसी) २०१९ मध्ये तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० अशी मर्यादा सुचवली. सुट्टीच्या महिन्यात तेही नाही. अशा शिक्षकाने विषमतेवर संशोधन करावे ही अपेक्षा विनोदी आहे, आणि आमच्याकडे ती सर्रास केली जाते. कंत्राटी नेमणुका एकूण शिक्षकसंख्येच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ नयेत असे युजीसीचे २०१८ चे विनियम सांगतात.

नियमित जागा असेल तर स्तर ठरवा. सहायक प्राध्यापकाला सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये. सहयोगी प्राध्यापक हवा असेल तर पीएचडी, आठ वर्षांचा अनुभव, सात शोधनिबंध आणि ७५ चा संशोधन गुणांक. प्राध्यापकपदाला दहा वर्षे, दहा निबंध आणि १२०. नव्या विषयाची घडी बसवायची असेल तर सहायक प्राध्यापक घ्यावा असे मला वाटते. वरच्या जागेवर येणारा माणूस स्वतःचा विषय घेऊन येतो, आणि तो गोव्याचा असेलच असे नाही.

एक पर्याय फारसा कुणी वापरत नाही. २०२२ पासून 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नेमता येतो: आपल्या क्षेत्रात १५ वर्षांचा अनुभव असला की पदव्यांची अट नाही, मुदत तीन वर्षे, फार तर आणखी एक. जिल्हा बातमीदार म्हणून उभी हयात घालवलेला एखादा पत्रकार या वाटेने वर्गात येऊ शकतो. नियमित प्राध्यापकाच्या जागी त्याला बसवू नका, जोडीला घ्या. गोवा विद्यापीठाकडे पाहुण्या संशोधन प्राध्यापकांचीही योजना आहे. तिचा उपयोग नव्या सहायक प्राध्यापकाला मार्गदर्शक मिळवून देण्यासाठी छान होतो.

जाहिरात: एका ओळीवर दोन तास घालवा

२०१८ चे विनियम पदव्युत्तर पदवी 'संबंधित, सुसंगत किंवा संलग्न' विषयात ५५ टक्क्यांनी मागतात. सगळी मेख इथे आहे. तुम्ही 'एमए समाजशास्त्र' एवढेच लिहिले की पत्रकारितेचे सगळे बाद. 'जनसंज्ञापन' एवढेच लिहिले की विषमतेचा खरा अभ्यास केलेले सगळे बाद. उरतात ते कॅमेरा आणि जाहिरातकला शिकलेले. नेट या प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतही हे दोन वेगळे विषय आहेत, समाजशास्त्राचा क्रमांक ०५ आणि जनसंज्ञापन व पत्रकारितेचा ६३. दोन्ही दारे उघडी ठेवायची तर संलग्न विषयांची यादी जाहिरात निघण्याआधी अभ्यास मंडळाकडून आणि विद्वत परिषदेकडून मंजूर करून घ्या आणि ती जाहिरातीतच छापा. मानवशास्त्र आणि स्त्री अभ्यास विसरू नका.

अर्ज आल्यावर 'अमुक विषय संलग्न धरायचा का' हा खल सुरू झाला की समजा, प्रकरण उच्च न्यायालयात चालले. भरतीची प्रक्रिया सुरू झाल्यावर मधेच निकष बदलता येत नाहीत, नियमांतच तशी मुभा असेल तेवढा अपवाद, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केले आहे.

विषयाचे नाव 'इष्ट पात्रता' या सदरात जावे, 'आवश्यक' मध्ये नको. मसुदा साधारण असा करा: 'गोवा किंवा कोंकण-पश्चिम किनारपट्टीतील मुद्रित, दृक्‌श्राव्य अथवा डिजिटल माध्यमांवर जात, जमात, वर्ग, लिंगभाव वा स्थलांतर या अंगांनी केलेले संशोधन, मराठी आणि कोंकणी वृत्तपत्रे मुळातून वाचण्याची क्षमता.' शेवटचे वाक्य कुणी खोडायला निघाले तर खोडू देऊ नका.

नेट-सेटचे: १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट (राज्य पातळीवरची तशीच परीक्षा) हा किमान निकष आहे, पीएचडी ऐच्छिक. पुण्याच्या विद्यापीठाकडून घेतली जाणारी सेट महाराष्ट्र आणि गोवा या दोघांसाठी असते, त्यामुळे सिंधुदुर्ग, कोल्हापूरकडचे अर्ज येतील. जानेवारी २०२५ मध्ये युजीसीने नव्या विनियमांचा मसुदाही काढला. म्हणून जाहिरातीत आपण कोणत्या विनियमांखाली भरती करतो ते वर्षासकट लिहा. उमेदवारांनीही जाहिरातीत पहिल्यांदा तेच शोधावे.

सरकारी महाविद्यालयांची पदे, मग ती खांडोळ्याची असोत, साखळीची की केप्याची, गोवा लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. तिथे १५ वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोंकणीचे ज्ञान आवश्यक, मराठीचे इष्ट. विद्यापीठ आणि अनुदानित महाविद्यालयांत आपापले परिनियम बघावे लागतात. पण नोकरीसाठी भाषेची अट असणे आणि संशोधनासाठी भाषा येणे या निरनिराळ्या गोष्टी आहेत. कोंकणीचा दाखला जोडणाऱ्या माणसाला रोमी (रोमन) लिपीतली कोंकणी वाचता येईलच असे नाही, आणि १९३३ पासून चाललेला 'वावराड्यांचो इश्ट' रोमीत आहे. ख्रिस्ती कष्टकऱ्यांचा आवाज शोधायचा तर रोमी टाळून चालत नाही. १९६१ पूर्वीचे काम करायचे तर पोर्तुगीजही हवी. 'ओ हेराल्डो' १९०० पासून पोर्तुगीजमध्ये निघत होता, इंग्रजीत आला तो १९८३ मध्ये.

रोस्टरबद्दल, म्हणजे कोणती जागा राखीव ते ठरवणाऱ्या क्रमवारीबद्दल थोडक्यात. गोव्यात अनुसूचित जमातींना १२ टक्के, इतर मागासवर्गीयांना २७ आणि अनुसूचित जातींना २ टक्के आरक्षण आहे. कोणती जागा कोणाला हे रोस्टरचा बिंदू ठरवतो, विभागाची इच्छा नाही. राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांगांना पदवी-पदव्युत्तर गुणांत ५ टक्क्यांची सूट आहे, ती ठळक छापा. विषमतेच्या अभ्यासाची जागा काढायची आणि रोस्टरची वही समाजकल्याण खात्याच्या शेऱ्यांनी लाल झालेली, असे चित्र बरे दिसत नाही.

छाननीचा तक्ता काय दाखवतो, काय लपवतो

विद्यापीठासाठीचा तक्ता १०० गुणांचा. पदवीला जास्तीत जास्त १५, पदव्युत्तरला २५, पीएचडीला ३०, जेआरएफसह (संशोधन शिष्यवृत्तीसह) नेटला ७, नुसत्या नेटला ५, सेटला ३, शोधनिबंधांना दर निबंधामागे २ असे १० पर्यंत, अध्यापनाला वर्षाला २ असे १० पर्यंत, पुरस्काराला ३ (राज्य पातळीवरच्या पुरस्काराला २). महाविद्यालयांचा तक्ता वेगळा आहे. तिथे पदवीला २१ आणि पीएचडीला २५.

आता दोन काल्पनिक उमेदवार घ्या. पहिली बीएला ६२ टक्के, एमएला ६१, पीएचडी, नेट, चार निबंध आणि तीन वर्षे शिकवलेली: १३, २३, ३०, ५, ८ आणि ६ मिळून ८५. दुसरा बीएला ५४, एमएला ५८, नेट उत्तीर्ण, बारा वर्षे मराठी दैनिकात बातमीदार, वृत्तमालिकेसाठी एक राज्य पुरस्कार: ५, २०, ५ आणि २ मिळून ३२. त्याच्या बारा वर्षांचे या तक्त्यात शून्य गुण आहेत. तक्ता बदलणे तुमच्या हातात नाही. मुलाखतीला किती जणांना बोलवायचे हे मात्र विद्यापीठाच्या हातात आहे, आणि तो आकडा छाननी सुरू होण्यापूर्वी ठरवायचा असतो. या जागेसाठी तो सढळ ठेवा. तक्त्याचे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते आहेत, निवड मुलाखतीतल्या कामगिरीवरच करायची, असे विनियम स्वच्छ सांगतात. अनेक समित्यांना हे माहीत असूनही ८५ चा आकडा डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून ती यादी मुलाखतीच्या टेबलावर ठेवूच नका.

शोधनिबंध मोजताना जपा. मान्य नियतकालिकांची युजीसीची 'केअर' यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे नियतकालिक बरे की बनावट हे आता तुम्हालाच पाहायचे आहे. निबंध उघडा, कार्यपद्धतीचा भाग वाचा. किती अंक तपासले, कोणत्या काळातले, कसे निवडले हे तीन ओळींत सापडत नसेल तर पुढे वाचण्याची गरज नाही.

समिती

विद्यापीठात सहायक प्राध्यापकासाठी कुलगुरू अध्यक्ष, कुलपतींचा एक प्रतिनिधी, तीन विषयतज्ज्ञ, अधिष्ठाता, विभागप्रमुख, आणि उमेदवारांत राखीव प्रवर्ग, अल्पसंख्याक, महिला किंवा दिव्यांग असतील व सदस्यांत तसे कोणी नसेल तर त्या गटातले एक शिक्षणतज्ज्ञ. कोरम चारांचा, त्यात बाहेरचे दोन तज्ज्ञ हवेतच. तिन्ही तज्ज्ञ समाजशास्त्राचे घेऊ नका. एक माध्यम अभ्यासातला घ्या, आणि तिघांपैकी निदान एकाला मराठी-कोंकणी वाचता आली पाहिजे. नाही तर उमेदवाराने मराठी पानाचे काय वाचन केले हे ठरवणार कोण?

गोवा लहान आहे. इथे कोण कुणाचा भाचा, कोण कुणाचा विद्यार्थी हे लपत नाही, आणि लपत नाही म्हणून ते लिहून ठेवायची कुणाला गरज वाटत नाही. प्रत्येक सदस्याकडून उमेदवारांच्या यादीसमोर नाते, मार्गदर्शक, सहलेखक अशा रकान्यांत सहीनिशी माहिती घ्या. ज्याचा संबंध निघतो त्याने बाजूला व्हावे. पीएचडीच्या मार्गदर्शकाने 'मी गप्प बसेन' म्हणणे पुरेसे नाही.

एक पान हाती द्या

आता मुख्य गोष्ट. वर्गव्याख्यानासाठी उमेदवाराला आवडता विषय निवडू देऊ नका. सगळ्यांना तेच एक पान द्या, अर्धा तास वाचायला, वीस मिनिटे बोलायला, आणि समोर एमएचे विद्यार्थी बसवा.

पान कसे असावे? एखाद्या मराठी दैनिकाचे आतले, जिल्हा बातम्यांचे. समजा वर चार कॉलमांत मंत्र्यांच्या हस्ते पायाभरणी. मध्ये शाळेचे स्नेहसंमेलन. डाव्या कोपऱ्यात तळाशी एककॉलमी बातमी, परांचीवरून पडून मजूर ठार. मजुराचे नाव, वय, मूळचा कुठला; कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत; मृतदेह शवचिकित्सेसाठी गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात); अधिक तपास अमुक उपनिरीक्षक करीत आहेत. कंत्राटदाराचे नाव नाही. जाळी लावली होती का, पट्टा दिला होता का, त्याचा उल्लेख नाही. आणि बातमीला खेटून अर्ध्या पानाची जाहिरात: समुद्र दिसणारे फ्लॅट.

कच्चा उमेदवार इथे लगेच मोठी नावे घेऊ लागतो. वर्चस्व, प्रतिनिधित्व, वंचितांचा आवाज. पान तसेच टेबलावर राहते. पक्का उमेदवार आधी पान वाचतो. बातमीत पोलिसांचीच वाक्ये का आहेत हे तो विचारतो, आणि उत्तर शोधत बातमीदारापर्यंत जातो: तालुक्याचा वार्ताहर, मानधनावर, दिवसाला चार बातम्या, पोलिसांचे प्रसिद्धीपत्रक व्हॉट्सअॅपवर आलेले; बांधकामावर जायला त्याला वेळ आणि पेट्रोल कोण देणार? इथवर आला की उमेदवार माध्यमांमधली विषमताही पाहतो हे कळते, आणि बहुतेकांना तीच दिसत नाही.

मग तो जाहिरातीकडे बोट दाखवतो, पण 'जाहिरातीमुळे नाव दाबले' असे म्हणत नाही. एका पानावरून ते म्हणता येत नाही, हे तो विद्यार्थ्यांना समजावून सांगतो. म्हणायचे असेल तर काय करावे लागेल? वर्षभरातले सगळे अंक वाचणे शक्य नसते, म्हणून रचित आठवडा काढायचा: वर्षातल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठीने एक, मंगळवारांतून एक, असे रविवारपर्यंत. दैनिकाच्या एका वर्षासाठी असे दोन आठवडे पुरतात, हे १९९३ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात तपासून दाखवले गेले आहे. त्या अंकांतल्या अपघाताच्या बातम्या दोघांनी एकमेकांना न विचारता वर्गवारीत टाकायच्या, जुळणी तपासायची, त्यासाठी कोहेनचा काप्पा हा जुळणीचा गुणांक काढायचा. मालकाचे नाव आहे की नाही, बोलणारे कोण, किती शब्द, कोणते पान. आणि तरीही अर्धेच काम झाले, कारण झुआरीनगरातल्या खोलीत राहणारा मजूर हे वृत्तपत्र वाचतच नाही. तो मोबाइलवर कन्नड किंवा भोजपुरी व्हिडिओ बघतो. त्याच्यापर्यंत स्वतःच्या साथीदाराच्या मृत्यूची बातमी कोणत्या वाटेने पोचते, हा पुढचा अभ्यास.

एवढे वीस मिनिटांत सगळे येणार नाही. तीन-चार गोष्टी आल्या तरी माणूस हेरून ठेवा. विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारले का, आणि एखाद्या मुलाने 'पण सर, ते लोक बाहेरचेच ना' म्हटल्यावर उमेदवाराने त्याला कसे हाताळले, याचेही गुण ठेवा. असा प्रश्न आमच्या वर्गात येतोच.

मुलाखतीत काय विचारावे

सगळ्यांना तेच पाच-सहा प्रश्न, गुणपत्रिका छापील, आणि प्रत्येक गुणासमोर एक ओळ कारण. माहितीच्या अधिकारात ती पत्रिका उद्या बाहेर येऊ शकते, हे धरूनच लिहा.

एक प्रश्न सिद्धांताचा हवा, पण मराठीच्या अंगणातून विचारा. माध्यमे कशावर विचार करायचा ते ठरवतात हे सूत्र १९७२ मध्ये मॅकोम्ब्स आणि शॉ यांनी मांडले. माहिती वाढली की शिकलेल्यांना ती आधी मिळते आणि दरी रुंदावते, हे १९७० मध्ये मिनेसोटातल्या तिघांनी. हे पुस्तकात मिळते. पण १८७७ मध्ये 'दीनबंधु' आणि ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढावा का लागला, आणि मुंबई इलाख्यातली पत्रे कुणाच्या हिताची आहेत याबद्दल आंबेडकरांनी पहिल्याच अंकात काय मांडले, यातून माध्यमांचा कोणता सिद्धांत उभा राहतो? 'मूकनायक'चे नाव सगळ्यांना ठाऊक असते, अंक उघडून वाचलेले थोडे.

दुसरा प्रश्न अभ्यास आखण्याचा. जनमत कौलाच्या आधीच्या तीन महिन्यांतली दोन विरोधी दैनिके द्या आणि विचारा, कुठून सुरुवात कराल? उत्तरात पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाचे किंवा पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्राचे नाव आले तर बरे. अंक कुठे मिळतात हे ज्याला माहीत, त्याने निदान एकदा ते मागितलेले असतात. तिसरा पैशाचा: वृत्तपत्र काढणाऱ्या उद्योगसमूहाने संशोधनाला देणगी देऊ केली तर? याला एकच बरोबर उत्तर नाही. उमेदवार अटी विचारतो का, ते बघायचे.

चौथा नीतीचा. घरकाम करणाऱ्या बायकांची किंवा बायण्यातून हुसकावलेल्यांची मुलाखत घेताना संमतीपत्र कोणत्या भाषेत, सही करायची नसेल तर काय, आणि निबंधात वाड्याचे नाव लिहिले तर गावात माणूस ओळखू येतो, त्याचे काय? गोव्यात नाव बदलून भागत नाही. वाडा, आडनाव आणि धंदा सांगितला की सगळा गाव ओळखतो.

काय विचारू नये तेही सांगते. लग्न, मुले, नवरा कुठे असतो हे तर नाहीच. पण आमच्याकडचा लाडका प्रश्न, 'गांव खंयचो?' (गाव कुठला?), तोही नको. मायेने विचारला जातो हे खरे. त्याच्या उत्तरातून मात्र टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला धर्म, जात आणि बऱ्याचदा देवस्थानही कळते, आणि त्यानंतरचे प्रश्न नकळत बदलतात. चहाच्या वेळीही विचारू नका.

तीन वर्षांच्या कामाचा दोन पानी आराखडा आधीच मागवून ठेवा. त्यात खर्चाचा तक्ता असावा: स्कॅनिंग, टंकलेखन, कोंकणी-कन्नड दुभाषा, बसभाडे. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे प्रस्ताव पाठवण्याइतका तो नीट आहे का ते तपासा.

निवडीनंतर

परिवीक्षा (प्रोबेशन) एक वर्षाची, फार तर आणखी एक वर्ष वाढवता येते. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तासांचे थेट अध्यापन. विनियमांत ते आहे म्हणून पहिल्याच सत्रात सोळाच्या सोळा तास, वर एनएसएस आणि परीक्षा विभागाचे काम असे लादू नका. वेळापत्रकात एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा, म्हणजे ग्रंथालयात किंवा गावात जाता येते. चार दिवस दोन-दोन तास मोकळे ठेवून ते साधत नाही.

अभ्यास छापून आल्यावर संपादकाचा किंवा एखाद्या खात्याचा फोन विभागप्रमुखाला येईल, हे गृहीत धरा. त्या दिवशी काय सांगायचे ते आज ठरवा. विभागाच्या बैठकीत ठराव करून ठेवलेला बरा: कार्यपद्धतीवर आक्षेप असेल तर लेखी द्यावा, उत्तर लेखी दिले जाईल, निष्कर्ष मागे घेण्यासाठी तोंडी विनंती स्वीकारली जाणार नाही. परिवीक्षेतला शिक्षक हा ठराव स्वतःहून मागू शकत नाही, म्हणून तो रुजू होण्याआधी करा.

आणि प्रतीक्षा यादी लावायला विसरू नका, मुदत लिहून. दोन-तीन महिन्यांत पहिला उमेदवार दुसरीकडे गेला आणि यादीच नाही, की सगळा खटाटोप पहिल्यापासून करावा लागतो, आणि तोवर जागा पुन्हा लेक्चर बेसिसवर भरलेली असते.